मायएसक्यूएलमध्ये प्रोसिजर आणि फंक्शनच्या पॅरामीटरची माहिती बिनचूक कशी काढायची

एखाद्या स्टोअर्ड प्रोसिजरला (डेटाबेसमध्येच साठवलेल्या छोट्या प्रोग्रॅमला) किती पॅरामीटर लागतात, कोणत्या क्रमाने आणि कोणत्या टाइपचे, हे थेट सर्व्हरला विचारता येतं. इन्फर्मेशन_स्कीमा या डेटाबेसमधलं पॅरामीटर्स नावाचं टेबल त्यासाठीच आहे. तरीही त्याच त्या चुका होत राहतात. निकाल रिकामा आला की प्रोसिजरच नाही असं धरलं जातं. टाइपच्या कॉलममध्ये डेसिमल दिसलं की पैसे नीट जपले जातील असं वाटतं. फंक्शनच्या यादीत बिननावाची एक ओळ दिसते आणि ती गाळून टाकली जाते. क्वेरी बहुतेक वेळा बरोबरच असते, तपासण्याचा क्रम चुकलेला असतो. म्हणून खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा.

हा लेख मायएसक्यूएल ८.० आणि त्यापुढच्या आवृत्त्या धरून लिहिला आहे. जिथे ५.७ वेगळं वागतं, तिथे तसं सांगितलं आहे.

## तयारी

क्वेरीतले शब्द इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. सर्व्हरवर टाकताना सिलेक्ट, फ्रॉम यांसारखे शब्द आणि सिस्टिमच्या टेबल-कॉलमांची नावं इंग्रजी अक्षरांत लिहा, मधली खालची रेघ तशीच ठेवा, अंकही इंग्रजी घ्या. प्रोसिजर आणि पॅरामीटरची आपण दिलेली नावं मात्र देवनागरीत असली तरी मायएसक्यूएलला चालतात, आणि त्यांना वेगळी अवतरणचिन्हंही लागत नाहीत. उदाहरणातली नावं म्हणूनच मराठी ठेवली आहेत.

उदाहरण एका पतसंस्थेच्या डेटाबेसचं घेऊ. त्यात हप्ता नोंदवणारी ही प्रोसिजर आहे:

क्रिएट प्रोसिजर हप्ता_नोंदवा (
  इन प_खाते_क्र इंट अनसाइन्ड,
  इन प_खातेदार व्हारचार(५०),
  इन प_रक्कम डेसिमल,
  इन प_वेळ डेटटाइम,
  आउट प_शिल्लक डेसिमल(१२,२) )

शिवाय व्याज_काढा हे फंक्शन आहे. ते मुद्दल, दर आणि महिने घेतं आणि डेसिमल(१२,२) परत देतं. हप्ता_नोंदवा या प्रोसिजरमध्ये तीन दोष दडले आहेत. वरवर वाचताना ते दिसत नाहीत, चौथ्या आणि पाचव्या टप्प्यात सापडतात.

सुरुवात करण्याआधी दोन गोष्टी कागदावर घ्या.

पहिली, सर्व्हरची आवृत्ती. सिलेक्ट व्हर्जन() चालवा. ५.७ पर्यंत रूटीनची (म्हणजे प्रोसिजर किंवा फंक्शनची) माहिती मायएसक्यूएल डेटाबेसमधल्या प्रॉक या टेबलात असायची आणि जुन्या स्क्रिप्ट थेट तिथून वाचायच्या. ८.० मध्ये ते टेबल उरलेलं नाही, त्यामुळे अशा स्क्रिप्ट तिथेच पडतात. त्या दुरुस्त करताना प्रॉकला पर्याय शोधत बसू नका, इन्फर्मेशन_स्कीमामधली रूटीन्स आणि पॅरामीटर्स ही दोन टेबलं वापरा.

दुसरी, ज्या लॉगिनने ॲप्लिकेशन जोडलं जातं ते लॉगिन. तपासणी ॲडमिनच्या लॉगिनने करायची आणि ॲप्लिकेशन दुसऱ्याच लॉगिनने चालवायचं, असं केलं तर दोघांना दिसणारी यादी वेगळी असू शकते.

## टप्पा १ : आपण कोण म्हणून जोडलेलो आहोत ते बघा

पॅरामीटर्स टेबल प्रत्येकाला सगळं दाखवत नाही. ज्या रूटीनशी तुमचा संबंध आहे तेवढ्याच ओळी दिसतात. संबंध म्हणजे यांपैकी एक तरी गोष्ट:

- तुम्ही त्या रूटीनचे डिफायनर (ज्याच्या नावावर ते नोंदलं आहे ते खातं) आहात;
- तुमच्याकडे शो_रूटीन ही परवानगी आहे (८.०.२० पासून उपलब्ध);
- तुमच्याकडे पूर्ण सर्व्हरवर सिलेक्टची परवानगी आहे;
- त्या रूटीनवर किंवा त्याच्या डेटाबेसवर क्रिएट रूटीन, ऑल्टर रूटीन किंवा एक्झिक्यूट यांपैकी काही दिलेलं आहे.

यातलं काहीच नसेल तर सर्व्हर एरर देत नाही, शून्य ओळी देतो. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो, कारण शून्य ओळी आणि नसलेली प्रोसिजर पडद्यावर अगदी सारख्या दिसतात.

आधी हे चालवा:

सिलेक्ट यूजर(), करंट_यूजर(), करंट_रोल(), डेटाबेस();
शो ग्रँट्स;

यूजर() म्हणजे तुम्ही ज्या नावाने आलात ते, आणि करंट_यूजर() म्हणजे सर्व्हरने तुम्हाला ज्या खात्यावर बसवलं ते. परवानग्या करंट_यूजर() च्या चालतात. होस्टच्या जागी टक्क्याची खूण असलेली खाती असतील तर ही दोन उत्तरं वेगळी येतात.

करंट_रोल() चं उत्तर नन आलं आणि परवानग्या रोलमधून (परवानग्यांच्या नाव दिलेल्या गटातून) दिलेल्या असतील, तर रोल मिळालेला आहे पण सुरू झालेला नाही. सेट रोल ऑल चालवा आणि पुन्हा बघा. त्याने काम झालं तर त्या खात्याला डिफॉल्ट रोल लावून घ्या, नाहीतर पुढच्या लॉगिनला तीच अडचण परत येईल.

तपासणी : डेटाबेस() चं उत्तर नल (म्हणजे मूल्यच नाही) असेल तर अजून कोणताही डेटाबेस निवडलेला नाही. पुढच्या क्वेरींमध्ये डेटाबेस() वापरणार असाल तर आधी यूज पतसंस्था करा.

## टप्पा २ : रूटीन आहे की नाही ते रूटीन्समध्ये ठरवा

पॅरामीटर शोधण्याआधी रूटीन शोधा. ज्या प्रोसिजरला एकही पॅरामीटर नाही, तिची पॅरामीटर्स टेबलात एकही ओळ नसते. ती प्रोसिजर तिथे शोधली तर सापडणारच नाही.

सिलेक्ट रूटीन_स्कीमा, रूटीन_नेम, रूटीन_टाइप, डिफायनर, सिक्युरिटी_टाइप
फ्रॉम इन्फर्मेशन_स्कीमा.रूटीन्स
व्हेअर रूटीन_नेम = 'हप्ता_नोंदवा';

इथे स्कीमाची (म्हणजे डेटाबेसच्या नावाची) अट मुद्दाम घातलेली नाही. चाचणीचा आणि खरा असे दोन डेटाबेस एकाच सर्व्हरवर असणं नेहमीचं आहे, आणि प्रोसिजर भलत्याच डेटाबेसमध्ये बनवली गेली असेल तर ते याच क्वेरीत दिसतं. एररवरूनही बरंच कळतं. कॉल करताना १३०५ आला तर त्या डेटाबेसमध्ये ते रूटीन नाही. १३७० आला तर चालवण्याची परवानगी नाही. १३१८ आला तर रूटीन आहे, परवानगीही आहे, फक्त पॅरामीटरची संख्या जुळत नाही. त्या संदेशात किती अपेक्षित होते आणि किती आले, हे दोन्ही आकडे छापलेले असतात.

प्रोसिजर आणि फंक्शन यांची नावं वेगवेगळ्या खात्यात धरली जातात, त्यामुळे एकाच डेटाबेसमध्ये व्याज_काढा नावाची प्रोसिजर आणि व्याज_काढा नावाचं फंक्शन दोन्ही राहू शकतात. म्हणून रूटीन_टाइप ही अट इथून पुढे प्रत्येक क्वेरीत ठेवा. ती विसरली तर दोघांचे पॅरामीटर एकत्र येतात आणि क्रमांक १ दोनदा दिसतो.

सावधान : रूटीनच्या नावात लहान-मोठी इंग्रजी अक्षरं सारखीच धरली जातात. डेटाबेसच्या नावाचं तसं नाही. ते लोअर_केस_टेबल_नेम्स या सेटिंगवर ठरतं, आणि लिनक्सवर सहसा फरक पाळला जातो. विंडोजवर चालणारी अट लिनक्सवर रिकामी येते ती यामुळे.

## टप्पा ३ : पॅरामीटरची यादी क्रमाने काढा

सिलेक्ट ऑर्डिनल_पोझिशन ॲज क्रम,
       पॅरामीटर_मोड ॲज दिशा,
       पॅरामीटर_नेम ॲज नाव,
       डीटीडी_आयडेंटिफायर ॲज पूर्ण_टाइप
फ्रॉम इन्फर्मेशन_स्कीमा.पॅरामीटर्स
व्हेअर स्पेसिफिक_स्कीमा = 'पतसंस्था'
  अँड स्पेसिफिक_नेम = 'हप्ता_नोंदवा'
  अँड रूटीन_टाइप = 'प्रोसिजर'
ऑर्डर बाय ऑर्डिनल_पोझिशन;

निकाल असा येतो:

१ | इन | प_खाते_क्र | इंट अनसाइन्ड
२ | इन | प_खातेदार | व्हारचार(५०)
३ | इन | प_रक्कम | डेसिमल(१०,०)
४ | इन | प_वेळ | डेटटाइम
५ | आउट | प_शिल्लक | डेसिमल(१२,२)

ऑर्डर बाय गाळू नका. आज ओळी क्रमाने आल्या म्हणून उद्याही येतील असं नाही, आणि मायएसक्यूएलमध्ये कॉल करताना पॅरामीटर नावाने देता येत नाहीत, फक्त जागेने देता येतात. क्रम चुकला की खातेदाराच्या जागी रक्कम जाते.

कॉलमांना ॲज लावून स्वतःची नावं द्या. ८.० मध्ये इन्फर्मेशन_स्कीमाच्या कॉलमांची नावं मोठ्या अक्षरांत परत येतात. ५.७ वर लिहिलेला, लहान अक्षरांतल्या नावाने मूल्य उचलणारा कोड त्यामुळे अचानक रिकामी मूल्यं दाखवू लागतो.

फंक्शनसाठी हीच क्वेरी रूटीन_टाइप बदलून चालवली की वर क्रम ० असलेली एक ओळ दिसते. तिला नाव नाही आणि दिशाही नाही, दोन्हीकडे नल आहे. ती ओळ म्हणजे फंक्शन जे परत देतं त्याचा टाइप. खरे पॅरामीटर १ पासून सुरू होतात. ते तेवढेच हवे असतील तर ऑर्डिनल_पोझिशन > ० ही अट लावा. पॅरामीटर_मोड <> 'आउट' अशी अट लावून गाळण्याचा प्रयत्न केला तर शून्याची ओळ नकळत जाते, कारण नलशी केलेली कोणतीही तुलना खरी ठरत नाही. परत येणाऱ्या टाइपची तपासणी करायची होती त्या जागी ती गुपचूप गळून पडते.

अख्ख्या डेटाबेसची यादी काढताना रूटीन्सपासून सुरुवात करून लेफ्ट जॉइन लावा:

सिलेक्ट आर.रूटीन_टाइप, आर.रूटीन_नेम, काउंट(पी.पॅरामीटर_नेम) ॲज संख्या
फ्रॉम इन्फर्मेशन_स्कीमा.रूटीन्स आर
लेफ्ट जॉइन इन्फर्मेशन_स्कीमा.पॅरामीटर्स पी
  ऑन पी.स्पेसिफिक_स्कीमा = आर.रूटीन_स्कीमा
  अँड पी.स्पेसिफिक_नेम = आर.स्पेसिफिक_नेम
  अँड पी.रूटीन_टाइप = आर.रूटीन_टाइप
व्हेअर आर.रूटीन_स्कीमा = 'पतसंस्था'
ग्रुप बाय आर.रूटीन_टाइप, आर.रूटीन_नेम;

मोजणी पॅरामीटर_नेमची केल्यामुळे परत येणाऱ्या टाइपची ओळ आपोआप वगळली जाते आणि बिनपॅरामीटरच्या प्रोसिजरपुढे ० येतो. पॅरामीटर्सवरची अट मात्र ऑनमध्येच ठेवा. ती व्हेअरमध्ये टाकली की लेफ्ट जॉइन साधा जॉइन होऊन बसतो.

सावधान : या टेबलात फक्त स्टोअर्ड रूटीन असतात. सर्व्हरची स्वतःची फंक्शनं आणि बाहेरून लोड केलेली फंक्शनं इथे कधीच दिसत नाहीत.

दुसऱ्या डेटाबेसची सवय असलेल्यांसाठी एक गोष्ट सांगून ठेवतो. पोस्टग्रेसमध्ये एकाच नावाची अनेक फंक्शनं असू शकतात, म्हणून तिथे स्पेसिफिक_नेममध्ये नावापुढे अंतर्गत क्रमांक जोडलेला असतो आणि जॉइन त्यावरच करावा लागतो. मायएसक्यूएलमध्ये ही सोय नाही, स्पेसिफिक_नेम आणि रूटीन_नेम सारखंच असतं. एका सर्व्हरची क्वेरी दुसऱ्यावर जशीच्या तशी नेऊ नका.

## टप्पा ४ : टाइप पूर्ण वाचा

डेटा_टाइप हा कॉलम फक्त मूळ नाव सांगतो: इंट, डेसिमल, व्हारचार. अनसाइन्ड आहे की नाही, दशांश किती, एनममध्ये कोणती मूल्यं चालतात, यातलं काही तिथे नसतं. ते डीटीडी_आयडेंटिफायरमध्ये असतं. कोड तयार करणारी अनेक साधनं पहिला कॉलम वाचून थांबतात आणि तिथूनच चुका शिरतात.

डेसिमल. वरच्या निकालात तिसरी ओळ बघा. लिहिताना नुसतं डेसिमल लिहिलं होतं, सर्व्हरने ते डेसिमल(१०,०) धरलं. म्हणजे पैशांना जागाच नाही. १२४९.७५ रुपयांचा हप्ता या पॅरामीटरमध्ये शिरतानाच १२५० होतो. टेबलातला कॉलम डेसिमल(१२,२) असला तरी उपयोग नाही, कारण रक्कम तिथे पोहोचण्याआधीच गोल झालेली असते. एरर येत नाही, न बसणाऱ्या मूल्यांवर एरर देणाऱ्या स्ट्रिक्ट मोडमध्येसुद्धा नाही. दशांश गोल होणं ही सर्व्हरच्या लेखी फक्त एक सूचना आहे. दिवसाअखेर रोकड जुळत नाही आणि शोध भलतीकडे सुरू होतो. असे सगळे पॅरामीटर एका क्वेरीत सापडतात:

सिलेक्ट स्पेसिफिक_नेम, पॅरामीटर_नेम, डीटीडी_आयडेंटिफायर
फ्रॉम इन्फर्मेशन_स्कीमा.पॅरामीटर्स
व्हेअर स्पेसिफिक_स्कीमा = 'पतसंस्था'
  अँड डेटा_टाइप = 'डेसिमल'
  अँड न्यूमरिक_स्केल = ०;

प्रत्येक ओळीला विचारा: इथे दशांश मुद्दाम सोडला आहे, की राहून गेला आहे? आणि ही क्वेरी फंक्शनच्या ० क्रमांकाच्या ओळींसकट चालवा. परत देताना पैसे गोल करणारं फंक्शन तितकंच घातक असतं.

इंट. साध्या इंटची कमाल २१४७४८३६४७, अनसाइन्ड इंटची ४२९४९६७२९५. भारतातला दहा आकडी मोबाइल नंबर या दोन्हींत बसत नाही. स्ट्रिक्ट मोडमध्ये १२६४ एरर येतो. स्ट्रिक्ट नसेल तर साध्या इंटमध्ये सगळ्या खातेदारांचा मोबाइल २१४७४८३६४७ असा नोंदला जातो. तो आकडा डेटामध्ये पुन्हा पुन्हा दिसला तर टेबलाआधी पॅरामीटरचा टाइप तपासा. आणि मोबाइल नंबर आकड्याच्या टाइपमध्ये ठेवूच नका, व्हारचार घ्या.

न्यूमरिक_प्रिसिजनवरून अनसाइन्ड ओळखता येत नाही, इंटसाठी ते दोन्हीकडे १० असतं. जुन्या सर्व्हरवर इंट(११) दिसतं, ८.०.१९ पासून कंसातली ती रुंदी दाखवणं बंद झालं. तिचा साठवणुकीशी कधीच संबंध नव्हता. तुलना करणाऱ्या स्क्रिप्टमध्ये 'इंट(११)' असं ठोकून लिहिलं असेल तर ते काढा.

डेटटाइम. डेटटाइम_प्रिसिजन ० असेल तर सेकंदाचे अंश साठत नाहीत, गोल होतात. '२०२५-०३-३१ २३:५९:५९.७' हे मूल्य प_वेळमध्ये '२०२५-०४-०१ ००:००:००' होऊन बसतं. हप्ता पुढच्या आर्थिक वर्षात गेला. ॲप्लिकेशन मिलिसेकंदांसह वेळ पाठवत असेल तर पॅरामीटर डेटटाइम(३) करा. जावाची साधनं मायक्रोसेकंदही पाठवतात, तिथे (६) लागेल.

कॅर. लांबी न देता नुसतं कॅर लिहिलं तर कॅर(१) होतं. कॅरेक्टर_मॅक्सिमम_लेंग्थ १ असलेल्या ओळी एकदा डोळ्यांखालून घाला.

सावधान : पॅरामीटरमध्ये मूल्य भरताना कॉल करणाऱ्याचा एसक्यूएल_मोड (स्ट्रिक्ट आहे की नाही हे ठरवणारं सेटिंग) लागतो, रूटीनचा नाही. रूटीन बनवताना असलेला मोड त्याच्यासोबत साठवला जातो आणि आतली विधानं त्याच मोडमध्ये चालतात हे खरं, पण तो मोड लागू होतो तो पॅरामीटरमध्ये मूल्यं भरून झाल्यानंतर. म्हणून स्ट्रिक्ट मोडमध्ये बनवलेली तीच प्रोसिजर एका ॲप्लिकेशनमधून एरर देते आणि दुसऱ्यामधून मजकूर गुपचूप कापते. दोन्हीकडच्या सेशनमध्ये सिलेक्ट @@सेशन.एसक्यूएल_मोड चालवून उत्तरं शेजारी ठेवा.

## टप्पा ५ : मजकुराच्या पॅरामीटरचा कॅरेक्टर सेट

मराठी मजकूर साठवणाऱ्यांनी हा टप्पा टाळू नये. कॅरेक्टर सेट म्हणजे मजकुरात कोणती चिन्हं चालतात आणि ती बाइटमध्ये कशी साठवायची याची पद्धत, आणि कोलेशन म्हणजे ती चिन्हं तुलनेत कशी धरायची याचा नियम. प्रत्येक मजकुराच्या पॅरामीटरसाठी चार कॉलम घ्या: कॅरेक्टर_मॅक्सिमम_लेंग्थ, कॅरेक्टर_ऑक्टेट_लेंग्थ, कॅरेक्टर_सेट_नेम, कोलेशन_नेम.

व्हारचार(५०) आणि यूटीएफ८एमबी४ असेल तर पहिल्या दोन कॉलमांत ५० आणि २०० दिसतं. लांबीची मर्यादा ५० चिन्हांची आहे, २०० हा बाइटचा वरचा आकडा. आता 'लक्ष्मीबाई' हे नाव घ्या. वाचताना चार अक्षरं. सर्व्हर मात्र ल, क, हलन्त, ष, हलन्त, म, ई-कार, ब, आ-कार, ई अशी दहा चिन्हं मोजतो. कॅर_लेंग्थ() ला विचारा, १० येईल. लेंग्थ() ला विचारा, ३० येईल, कारण देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ८मध्ये तीन बाइट घेतं. नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव आणि आडनाव मिळून ५० चिन्हं सहज ओलांडली जातात. इंग्रजी नावांवर तपासलेली प्रोसिजर मराठी नावांवर तुटते ती इथे.

ती तुटते तेव्हा येणारा १४०६ हा एरर दिशाभूल करतो. संदेशात 'प_खातेदार' या कॉलमसाठी मजकूर जास्त लांब आहे असं लिहिलेलं असतं. कॉलम म्हटल्यामुळे लोक टेबल उघडून बसतात, तिथे व्हारचार(१५०) दिसतं आणि गोंधळ वाढतो. नाव प_ ने सुरू होतंय, म्हणजे तो पॅरामीटर आहे. नावांना असा ठरावीक उपसर्ग लावण्याचा हा एक मोठा फायदा.

कॅरेक्टर सेट न लिहिता बनवलेला पॅरामीटर, रूटीन बनवलं त्या क्षणी डेटाबेसचा जो कॅरेक्टर सेट होता तो घेतो, आणि तोच धरून ठेवतो. ५.७ पर्यंत सर्व्हरचा डिफॉल्ट लॅटिन१ होता. पुढे डेटाबेस आणि सगळी टेबलं यूटीएफ८एमबी४ केली तरी जुन्या प्रोसिजरचे पॅरामीटर लॅटिन१च राहतात. मग मराठी नाव पाठवलं की १३६६ एरर येतो किंवा नावाच्या जागी प्रश्नचिन्हं साठतात. टेबल ठीक, जोडणी ठीक, तरी प्रश्नचिन्हं, असं असेल तर पॅरामीटर्स टेबलातला कॅरेक्टर_सेट_नेम बघा. उपाय एकच आहे: रूटीन काढून पुन्हा बनवणं.

कोलेशनचंही तसंच. पॅरामीटर यूटीएफ८एमबी४_जनरल_सीआय आणि टेबलाचा कॉलम यूटीएफ८एमबी४_०९००_एआय_सीआय असेल, तर दोघांची तुलना करणाऱ्या ओळीवर १२६७ एरर येतो. तुलनेत पॅरामीटर आणि कॉलम दोघांचं वजन सर्व्हर सारखं धरतो, त्यामुळे कोणाचं कोलेशन घ्यायचं हे त्याला ठरवता येत नाही.

तपासणी : कॅरेक्टर_सेट_नेम यूटीएफ८एमबी४ नाही आणि नलही नाही, असे सगळे पॅरामीटर काढा. यादी रिकामी आली तरच पुढे जा. मात्र पहिला टप्पा नीट झालेला असेल तरच त्या रिकाम्या यादीवर विश्वास ठेवता येतो.

## टप्पा ६ : पॅरामीटर आणि कॉलम यांची सारखी नावं शोधा

रूटीनच्या आत पॅरामीटरचं नाव आणि टेबलाच्या कॉलमचं नाव सारखं असेल तर मायएसक्यूएल पॅरामीटर धरतो. व्हेअर खाते_क्र = खाते_क्र असं लिहिलं की दोन्ही बाजूंना पॅरामीटरच येतो, अट कायम खरी ठरते आणि अपडेट सगळ्या खात्यांवर होतं.

पॅरामीटर्स आणि कॉलम्स ही इन्फर्मेशन_स्कीमाची दोन टेबलं स्कीमा आणि नावावर जोडली की अशा जागा सापडतात. यादी लांब येईल, सगळ्याच ओळी धोक्याच्या नसतील. ज्या रूटीनमध्ये अपडेट किंवा डिलीट आहे ती आधी घ्या.

## टप्पा ७ : दोन सर्व्हरची तुलना

चाचणीवर चालतं, खऱ्या सर्व्हरवर चालत नाही, या तक्रारीत हा टप्पा लागतो. दोन्हीकडे एकच क्वेरी चालवा, निकाल फाइलमध्ये घ्या आणि दोन फाइली डिफने जुळवा. निकालात स्कीमाचं नाव घेऊ नका, ते बहुधा वेगळंच असतं. रूटीन_टाइप, नाव आणि क्रम यांवर लावून घ्या, आणि पूर्ण टाइपसोबत कॅरेक्टर सेट व कोलेशनही घ्या.

एका रूटीनचे सगळे पॅरामीटर ग्रुप_कॉनकॅटने एका ओळीत आणायचा मोह होतो. त्याची लांबी डिफॉल्टने १०२४ बाइटवर तुटते आणि फक्त वॉर्निंग मिळते. देवनागरी नावं ती मर्यादा लवकर गाठतात. तुलनेसाठी दर पॅरामीटरला एक ओळ हेच बरं.

फरक दिसला की लगेच दुरुस्तीला हात घालू नका. दोन्हीकडे सारख्याच परवानग्यांचं लॉगिन होतं का ते आधी बघा. अख्खी रूटीनच गायब दिसत असतील तर डेटाबेस हलवण्याची आज्ञा तपासा: मायएसक्यूएलडम्प स्वतःहून रूटीन घेत नाही, --रूटीन्स हा पर्याय द्यावा लागतो. आणि रूटीन कधी बदललं हे क्रिएटेड किंवा लास्ट_ऑल्टर्ड या कॉलमांवरून ठरवू नका, डम्पमधून परत आणलेल्या रूटीनवर परत आणल्याची वेळ असते.

## टप्पा ८ : पॅरामीटर बदला आणि पुन्हा तपासा

ऑल्टर प्रोसिजर ही आज्ञा पॅरामीटर बदलू शकत नाही. ड्रॉप करून पुन्हा क्रिएट करावं लागतं. इथे क्रम असा ठेवा:

१. शो क्रिएट प्रोसिजर हप्ता_नोंदवा चालवून मूळ मजकूर जपा. त्या जागी नल आलं तर तुमच्याकडे फक्त चालवण्याची किंवा बदलण्याची परवानगी आहे, मजकूर बघण्याची नाही. अशा लॉगिनने ड्रॉप करू नका, प्रोसिजर कायमची जाईल.

२. त्या रूटीनवर कोणाकोणाला एक्झिक्यूट दिलेलं आहे ते लिहून घ्या. ड्रॉप केल्यावर फक्त त्या रूटीनपुरत्या दिलेल्या परवानग्या डिफॉल्ट सेटिंगमध्ये निघून जातात, आणि नव्या रूटीनला आपोआप मिळत नाहीत.

३. सेशनचा एसक्यूएल_मोड आणि डेटाबेसचा कॅरेक्टर सेट बघा, कारण नवं रूटीन हेच धरून ठेवणार आहे.

४. ड्रॉप करा, मग क्रिएट करा. ८.०.२९ पासून क्रिएट प्रोसिजर इफ नॉट एक्झिस्ट्स चालतं, पण बदलासाठी ते वापरू नका. जुनी प्रोसिजर जागेवर असेल तर ती तशीच राहते, फक्त वॉर्निंग येते, आणि नवे पॅरामीटर लागले असं समजून तुम्ही पुढे जाता.

५. परवानग्या पुन्हा द्या.

६. ॲप्लिकेशनच्या लॉगिनने तिसऱ्या टप्प्याची क्वेरी चालवा. हप्ता_नोंदवासाठी आता तिसऱ्या ओळीत डेसिमल(१२,२), दुसरीत व्हारचार(१५०) आणि चौथीत डेटटाइम(३) दिसलं पाहिजे.

जावाचा ड्रायव्हर वापरत असाल तर आणखी एक बघा. लॉगिनला प्रोसिजरचा मजकूर दिसत नसेल तर ड्रायव्हरला पॅरामीटर कळत नाहीत आणि तो एरर देतो. त्यावर उपाय म्हणून नोॲक्सेसटूप्रोसिजरबॉडीज हे सेटिंग सुरू केलेलं असेल, तर ड्रायव्हर प्रत्येक पॅरामीटर व्हारचार असल्याचं सांगतो. ॲप्लिकेशनच्या लॉगमध्ये रक्कम आणि वेळ दोन्ही व्हारचार दिसत असतील तर ते सेटिंग काढा आणि त्या लॉगिनला शो_रूटीन द्या.

शेवटी १२४९.७५ रक्कम, मिलिसेकंदांसह वेळ आणि लांब मराठी नाव देऊन एक कॉल करा. आउट पॅरामीटरच्या जागी @शिल्लक असं व्हेरिएबल द्या, थेट आकडा दिला तर १४१४ एरर येतो. कॉल झाला की लगेच शो वॉर्निंग्ज चालवा आणि टेबलात गेलेली ओळ पैशांपर्यंत वाचून बघा.